ओतिलियाची सावली

एल रेपोसो मळा, कोबान
९ जानेवारी १९६३

सेनोबियो,

पोचले. तुझ्या नाकावर टिच्चून पोचले. निघताना दुकानाच्या दारात उभा राहून म्हणालास ना, "मेलेल्या माणसाला भेटायला कोण एवढं लांब जातं, ताई?" मी जाते. बेकरीची किल्ली शेजारणीच्या हातात देऊन जाते. बस, आगगाडी, सरहद्दीवर झडती, मग परत बस, असं करत करत पाठीचा पार भुगा झालाय. तू आला असतास तर निदान ट्रंक उचलायला तरी उपयोग झाला असता.

आधी आईचं. मी तिला ओतिलिया तापानं गेली असंच सांगितलंय. तूही तेच धरून ठेव. पण ती विचारणार, माझ्या पोरीच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा का होत नाही? काय सांगशील? आपले पाद्री म्हणाले, आपल्या हातानं जीव दिलेल्यांसाठी मिस्सा नाही. त्यांना हे इथल्या पाद्रींनी कळवलं. इथल्या पाद्रींना सासरच्यांनी सांगितलं. म्हणजे सगळं येऊन थांबतं ते या एका घराच्या शब्दावर. तिनं खरंच तळ्यात उडी टाकली असेल तर तसं मला दिसू दे, मी तोंड मिटून परत येईन. टाकली नसेल, तर आई डोळे मिटायच्या आत तिची मिस्सा झाली पाहिजे. डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंयस.

आज तिचं थडगं पाहिलं. दफनभूमीच्या भिंतीबाहेर आहे, सेनोबियो. भिंतीबाहेर! शेजारी कुणाची तरी खेचरं चरत होती. मी एकाला दगड मारला. मग खाली बसून रडले, आणि मग उठून आणखी एक दगड मारला.

घर मोठं आहे, सगळं लाकडी आणि सगळं ओलं. पाऊस असा नाहीच, पण पाणी सतत हवेतून खाली येत राहतं. कपडे वाळत नाहीत, मीठ मोकळं राहत नाही. आरसे अजून दुखवट्यासाठी झाकलेले आहेत, महिना उलटून गेला तरी. एवारिस्तो, म्हणजे आपले न पाहिलेले मेहुणे, गोरेपान, मऊ हाताचे, बोलायला फार गोड. प्रत्येक वाक्यात दोनदा 'ताई' म्हणतात. त्यांची आई, दोन्या क्लोतिल्दे, बारीक आणि ताठ. कुठल्याही दारातून जाताना क्रूसाची खूण केल्याशिवाय पाऊल टाकत नाही. घरात एक छोटं प्रार्थनाघर आहे, तिथं दिवसाचा अर्धा वेळ.

मी एवारिस्तोंना म्हटलं, ओतिलिया सापडली ती जागा दाखवा. घेऊन गेले. तळ्याकाठी नुसतं गवत होतं. चुन्याचा क्रूस नाही, मेणबत्तीचा ओघळ नाही, एक सुकलेलं फूलसुद्धा नाही.

बाबा दरीत पडले तेव्हाचं तुला आठवत असेल, आठ वर्षांचा होतास. जिथं पडले तिथंच चुना घातला होता, डोकं होतं तिकडं क्रूसाचं डोकं, पाय होते तिकडं पाय. आणि आत्या गावाहून येईपर्यंत सगळे थांबले होते, कारण असं अवचित मरण आलं की सावली तिथंच पडून राहते, आणि रक्ताच्या माणसानं हाक मारल्याशिवाय उठत नाही. इकडंही अगदी तसंच करतात. बसमध्ये शेजारी बसलेल्या बायकांना मी खोदून खोदून विचारलं.

मी एवारिस्तोंना विचारलं, "चुना का नाही घातला?"

"आईची तब्येत बरी नव्हती, ताई. राहून गेलं."

उंबऱ्याउंबऱ्याला देवाला हात जोडणारी बाई. आणि हेच तेवढं राहून गेलं.

ब्रिहिदा


१२ जानेवारी

सेनोबियो,

तुझी तार मिळाली. "ताबडतोब परत ये." लगेच दुसरीही मिळाली. एवढे पैसे तू स्वतःच्या लग्नाच्या वाजंत्र्यांवरही घातले नव्हतेस. आई आता उठून बसते असं शेजारणीनं कळवलंय, मग तुझ्या पोटात का दुखतंय? नाही येत जा.

मला ओतिलियाचीच खोली दिली आहे. तिचे कपडे कपाटात तसेच आहेत. मी ते हुंगून पाहिले, हस खुशाल, पण ओलीचा वास सोडून त्यांना काही वास उरलेला नाही. पलंगाखाली तिची प्रवासाची पेटी होती. उघडली तर भरलेली! दोन झगे, आईसाठी विणलेली शाल, आणि वेलदोड्यांची पुडी, ती आईला कॉफीत वेलदोडा आवडतो म्हणून. आता मला सांग, तळ्यात उडी मारायला निघालेली बाई आईसाठी वेलदोडे बांधून ठेवते का?

स्वयंपाकीण तोमासा हिला विचारलं. ती चुलीपुढं बसून मक्याच्या पिठाचे तमाल गुंडाळायची पानं पुसत होती.

"बाई पेटी भरून कुठं निघाल्या होत्या गं?"

"माहेरी," ती म्हणाली, "आई फार आजारी आहे म्हणून कळलं होतं ना त्यांना. नाताळाला माहेरी असेन म्हणाल्या. मला म्हणाल्या, तोमासा, परत येताना तुला तुमच्याकडं मिळत नाही असं तिखट आणते. मी म्हटलं, बाई, तुमचं तिखट तुमच्यापाशीच ठेवा, मागच्या वेळी माझी जीभ भाजली होती." आणि हसता हसता एकदम पानांवर वाकली. दारात दोन्या क्लोतिल्दे उभी होती.

"तोमासा, पानं पुसून झाली असतील तर तोंडही पूस," म्हातारी म्हणाली. माझ्याकडं बघून गोड हसली. "हिला बडबडायची सवय आहे, बाई. मनावर घेऊ नका."

मी मनावर घेतलं. सगळंच घेते आहे.

आता एक वेगळीच गंमत. कॉफीचा हंगाम ऐन भरात आहे, आणि यांची कॉफी अंगणात पसरलेली आहे. या हवेत! वरून पाणी पडतंय आणि खाली कॉफी आंबते आहे, अख्ख्या मळ्यावर आंबूस घाण सुटली आहे. अंगणापलीकडं भट्टीघर आहे, खाली लाकडाची भट्टी, वर फटीफटीच्या फळ्यांची जमीन असलेली खोली, खालची धग आणि धूर वर चढतो, तिथं कॉफी पसरून वाळवतात. सगळ्या आसपासच्या मळ्यांवर तशीच वाळवतात. यांच्या भट्टीघराला मात्र कुलूप. मी एवारिस्तोंना विचारलं, "अहो, माल सडतोय की. भट्टी का पेटवत नाही?"

"दुरुस्तीला आली आहे, ताई."

"कोणी माणूस दुरुस्त करताना तर दिसत नाही."

"येणार आहे, ताई. येईल."

किल्ली म्हातारीच्या कमरेला आहे. मी पाहिली.

आणि हे शेवटी सांगते. माझ्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी आहे. आतून नाही, बाहेरून. भक्कम लोखंडी. म्हटलं, पूर्वी इथं धान्य ठेवत असतील. मग बाकीच्या खोल्या पाहिल्या. बाकी कुठल्याच दाराला बाहेरून कडी नाही. तेव्हा स्वयंपाकघरातली सुरी आणली, स्क्रू एकेक करून काढले आणि कडी माझ्या पेटीत टाकली. कुणी काही विचारलं नाही. भोकं सगळ्यांना दिसली असणार, तरी विचारलं नाही. त्यानं मला जास्त भीती वाटली.

आईला सांग, ताई बरी आहे, थंडी आहे तिकडं. एवढंच सांग.

ब्रिहिदा


१५ जानेवारी

सेनोबियो,

मी ठरवलं ते केलं. तू मला वेडी म्हणशील, म्हण.

मी विचार केला, हे लोक माझ्याशी खोटं बोलतील, पाद्रींशी बोलतील, पोलिसाशी तर बोललेच आहेत, तो यांच्याच टेबलावर जेवतो. पण ही म्हातारी एका गोष्टीशी खोटं बोलू शकत नाही. सावलीला ती भिते. तिचा चेहरा मी इतके दिवस पाहते आहे. अंगणातून कसला आवाज आला, कुत्र्यानं खाजवलं, पत्र्यावर फांदी आपटली, की तिची मान भट्टीघराकडं वळते. तळ्याकडं कधीही वळत नाही. जेवताना अंगणाकडं पाठ करून बसत नाही. माळेचा मणी हातात तसाच राहतो.

म्हणून मी सकाळी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आज मी माझ्या बहिणीची सावली उचलणार आहे. तळ्याकाठी. सगळ्यांनी यायचं."

मनात माझा हिशेब साधा होता. ओतिलिया तळ्यातच गेली असेल, तर हाक मारल्यावर म्हातारीच्या जिवावरचं ओझं उतरेल, रात्री घोरत झोपेल बिचारी. नसेल, तर ती हाक खोट्या जागी गेली हे तिला एकटीलाच ठाऊक असेल. आणि मग तिचं काय होतं ते मी बघेन.

तोमासानं झेंडूची फुलं आणली. मी गवतावर चुन्याचा क्रूस घातला. एवारिस्तो मला म्हणाले, "डोकं इकडं होतं, ताई," आणि दोन मिनिटांनी, "नाही, इकडं." मी घातलेला चुना पुसून परत घातला. मेणबत्त्या भिजत होत्या. मी गुडघे टेकले.

सेनोबियो, मी सगळं नाटक म्हणून करायला गेले होते. पण "ओतिलिया" हे नाव तोंडातून निघालं आणि माझा बांध फुटला. या देशात येऊन मी ते पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं. "ओतिलिया, ऊठ गं. इथं नको पडून राहू. चल, ताई आली आहे." तीनदा म्हटलं. मला ती लहानपणची दिसत होती, पिठात बरबटलेली, मी भट्टीतून काढलेला पहिला पाव मागत उभी. खोट्या जागी हाक मारून मी पाप केलं असेल तर ते माझ्या माथ्यावर. पण हाक खोटी नव्हती.

डोळे पुसून मी मागं पाहिलं. तोमासा रडत होती, मजूर टोप्या काढून उभे होते. दोन्या क्लोतिल्दे तळ्याकडं बघतच नव्हती. ती हळूहळू मान हलवत होती, लहान मूल चुकीचं गणित सोडवताना बघून शिक्षिका हलवते तशी. मग तिच्या लक्षात आलं की मी तिला बघते आहे, आणि तिनं घाईघाईनं क्रूसाची खूण केली.

परतताना एवारिस्तो म्हणाले, "झालं एकदाचं, ताई. आता शनिवारच्या बसमध्ये तुमची जागा सांगून ठेवतो."

"सांगा की," मी म्हटलं. जाणार मात्र नाही.

ब्रिहिदा


१७ जानेवारी

सेनोबियो,

घाईत लिहिते आहे. तोमासाच्या हाती देणार आहे, ती बाजाराला जाते आहे. पुढची चिठ्ठी आली नाही तर तू स्वतः यायचं. तारा नकोत. तू.

म्हातारी झोपलेली नाही. दोन दिवस. डोळे खोल गेलेत, ओठांना चिरा पडल्यात. ती आता उघडपणे भट्टीघराच्या पायऱ्यांवर जाते, हातात पाण्याचा पेला घेऊन, आणि रिकामा घेऊन येते. मेलेल्याला तहान लागते म्हणून पाणी ठेवतात, हे आपल्याला सांगायला नको. तळ्यावर हाक मारून झाली, सावली उठली, सगळं झालं ना? मग हे पाणी कुणासाठी?

एवारिस्तोंनी तिला अंगणात दंडाला धरून ओढलं. मी खिडकीतून पाहिलं. "आई, तुम्ही आपल्या दोघांनाही खड्ड्यात घालणार आहात," असं म्हणाले. ती म्हणाली, "मला ऐकू येतं, एवारिस्तो. तुला येत नाही, मला येतं. ती अजून ठोठावते आहे."

अजून ठोठावते आहे. मी ते वाक्य ऐकलं आणि खिडकीपासून मागं सरले. पलंगावर बसून राहिले.

त्यानंतर एवारिस्तो माझ्यासाठी स्वतः कॉफी घेऊन आले. "ताई, थंडी आहे, घ्या." या घरात आजवर त्यांनी कधी पेला हातात धरलेला मी पाहिला नाही. मी ती कुंडीत ओतली. झाड अजून जिवंत आहे, तेव्हा कदाचित त्यात काही नसेलही. पण मी तेव्हापासून फक्त तोमासाच्या हातच्या मक्याच्या तोर्तिया खाते आहे, त्याही तिच्या ताटातल्या.

मला भीती वाटते आहे, सेनोबियो. एवढी म्हातारी झाले, बेकरीत चोर शिरला तेव्हा लाटणं घेऊन धावले, तेव्हा भीती वाटली नव्हती. आता वाटते आहे. पण इथवर येऊन मागं फिरले तर ती भिंतीबाहेर तशीच राहील, आणि आई विचारत विचारत जाईल.

ब्रिहिदा


१९ जानेवारी

सेनोबियो,

हे पत्र माझ्याआधी एक-दोन दिवस पोचेल. बसून वाच. दुकानात गिऱ्हाईक असेल तर आधी त्याला वाटेला लाव.

काल सकाळी प्रार्थना आटोपल्यावर म्हातारी माझ्या दारात आली. एवारिस्तो गावात गेले होते, बसचं तिकीट काढायला, माझं. तिच्या हातात किल्ली होती.

"चला, बाई," ती म्हणाली. "तुम्ही चुकीच्या जागी हाक मारलीत. तुमचा दोष नाही. चला, मी जागा दाखवते. एकदा नीट हाक मारा, म्हणजे सगळ्यांनाच विसावा मिळेल."

असं अगदी सहज म्हणाली. तिला कळतच नव्हतं ती काय म्हणते आहे! तिला झोप हवी होती, बस. मी तिच्या मागं गेले. भट्टीघराच्या लाकडी जिन्यानं वर चढलो. तिनं कुलूप काढलं, मग बाहेरची लोखंडी कडी काढली. माझ्या पेटीत आहे तशीच, जुळी.

दार बाहेर ओढलं. तिथं चुन्याचा क्रूस होता. फळ्यांवर घातलेला, पांढरा स्वच्छ, रोज पुसून रोज नव्यानं घालत असणार. शेजारी पाण्याचा पेला आणि ताजी फुलं. आणि क्रूसाचं डोकं, सेनोबियो, उंबऱ्याला टेकलेलं होतं. अगदी फटीला. पाय खोलीच्या आत.

मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. तिनं स्वतःच्या हातानं सगळं जमिनीवर काढून ठेवलं होतं. कुणी डोकं शाबूत असलेली बाई असती तर तिनं चुना खोलीच्या मधोमध घातला असता, नाहीतर घातलाच नसता. पण ही घाबरली होती, आणि सावलीला फसवायची तिची छाती नव्हती. ओतिलिया पडली होती तशीच तिनं ती मांडली होती. दाराच्या फटीला तोंड लावून. बाहेरून कडी.

"कडी कोणी लावली?" मी विचारलं.

"मी."

"का?"

"पहाटेची बस चुकावी म्हणून. खोलीत कोंडली असती तर खिडकीतून गेली असती, म्हणून संध्याकाळी कॉफी बघायला वर नेलं. एक बस चुकली की डोकं ठिकाणावर येतं, बाई. आमच्या घरच्या सुना कधी एकट्या सरहद्द ओलांडून गेल्या नाहीत. मला वाटलं, रात्रभर राहील, सकाळी कॉफी देऊ, रडेल, विसरेल."

"आणि भट्टी?"

तिनं तोंडावर तिची ती काळी शाल ओढली. "भट्टीवाला रोजच्यासारखा पहाटे आला आणि त्यानं लाकडं पेटवली. त्याला काय माहीत वर माणूस आहे. मी प्रार्थनाघरात होते. मला ठोठावणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, आपटू दे थोडं. बस जाऊ दे, मग उघडते. बस गेली. तेव्हा ठोठावणं थांबलं होतं. मला वाटलं, शहाणी झाली."

माझे हात तिच्या गळ्याकडं गेले होते, खोटं कशाला सांगू. तिच्या शालीला पोचलेही होते. पण ती माझ्याकडं बघतच नव्हती, तिची नजर क्रूसावर होती, आणि म्हणत होती, "हाक मारा ना, बाई. हाक मारा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या घरात तिला हवी ती एकच वस्तू माझ्याकडं आहे. रक्ताची हाक. मी हात खाली घेतले.

"मारीन," मी म्हटलं. "आधी पाद्रींना बोलवा. अंगणात. तोमासा, मजूर, भट्टीवाला, सगळ्यांसमोर आत्ता बोललात तेच बोला. मग मारीन. नाहीतर मी उद्याच्या बसनं चालले, आणि तुम्ही ऐकत बसा तिचं ठोठावणं जन्मभर."

आपल्याच बहिणीला मी तिथं ओलीस ठेवलं. तिनं मला माफ करावं.

इथले पाद्री आन्सेल्मो आले. एवारिस्तोही तोवर आले होते, तिकीट हातात. "आई, आत चला, तुम्हाला बरं नाही," म्हणत होते. ती म्हणाली, "मला झोप हवी आहे, एवारिस्तो," आणि सगळं बोलली. कडी, भट्टी, आणि मग तिनं आणि तिच्या लेकानं मिळून ओतिलियाला घोंगडीत गुंडाळून तळ्यापर्यंत कसं नेलं, तेही. भट्टीवाला मटकन खाली बसला, त्याला दोघांनी धरलं. तो बिचारा अजून बोलत नाही. एवारिस्तो तोंड लपवून घरात गेले. कोर्टकचेरीचं म्हणशील तर काही होणार नाही, पोलीस त्यांचाच आहे, कागदावर अपघात लिहितील. पण पाद्रींनी सगळ्यांदेखत सांगितलं, हिनं जीव दिला नाही. आजच सकाळी ओतिलियाला भिंतीच्या आत घेतलं. मी पहिली मूठ टाकली. आपल्या पाद्रींसाठी चिठ्ठी माझ्या पिशवीत आहे. मिस्सा होईल.

इथं मी पत्र संपवलं असतं. तुला शाबासकीही मागितली असती.

पण अंगणात सगळं बोलून झाल्यावर म्हातारी माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "मला एकटीलाच राक्षसीण समजू नका, बाई. मी तिला जाऊ देणार होते. आई आजारी आहे म्हटल्यावर कोण अडवतं? पण त्याच संध्याकाळी तुमच्या भावाचा फोन आला. मळ्याच्या कचेरीत. मीच घेतला. म्हणाले, आई ठणठणीत आहे, पोरगी नाटकं करते आहे. तिला इकडं पाठवू नका. आली तरी मी दार उघडणार नाही."

मी म्हटलं, खोटं आहे. तिनं तुझा आवाज सांगितला, सेनोबियो. बोलता बोलता मध्येच नाक ओढायची तुझी सवय सांगितली. आणि तू मला केलेल्या त्या तारा आठवल्या.

आई ठणठणीत! तेव्हा मी तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होते, आणि ती ओतिलियाचं नाव घेत होती, आणि तू दाराशी उभा होतास. सात वर्षांचा राग. तुला न विचारता लग्न केलं म्हणून. तुला वाटलं असेल, एक फोन, काय बिघडतंय. तू कडी लावली नाहीस, मला माहीत आहे. भट्टी पेटवली नाहीस. पण ती आईकडं यायला निघाली होती, आणि तिला दोन्ही टोकांनी दार बंद झालं. हे तू कसं पेलणार ते मला माहीत नाही. मला अजून तुझा राग धड येतही नाहीये, नुसता गारठा भरलाय अंगात.

मी शब्द दिला होता, म्हणून परत वर गेले, क्रूसाजवळ बसले आणि हाक मारली. म्हातारी जिन्यावर गुडघे टेकून होती. कुठं जायचं ते हाकेत सांगायचं असतं, आणि सगळे थडग्याकडं चल असंच सांगतात. बाबांना आत्यानं तसंच सांगितलं होतं. मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, "ओतिलिया, ऊठ. दार उघडं आहे. आईकडं जायचं होतं ना तुला, चल, घरी चल." तीनदा म्हटलं. मग चुना झाडून घेतला, एक कणही फळीच्या फटीत राहू दिला नाही, आणि ओतिलियानं आईसाठी विणलेल्या शालीत बांधला.

तोमासा म्हणते म्हातारी काल दुपारपासून झोपली आहे. झोपू दे. ओतिलिया आता इथं नाहीये.

आईला काही सांगू नकोस, मी सांगेन. तिची पोर तिच्याकडं यायला निघाली होती, हे तिनं माझ्याच तोंडून ऐकावं.

आम्ही दोघी पुढच्या शनिवारी पोचतो. दाराला आतून कडी लावू नकोस.

ब्रिहिदा